शेतकऱ्याच्या बागेस भिंत नसते

अलीकडे आपल्या जळगांव व धुळें जिल्ह्यांत मळ्यांतच नवें घर बांधून राहण्याचा प्रघात वाढत आहे. गांवठाणांतील दाटी सोडून माणूस मोकळ्या हवेंत राहूं लागला, ही गोष्ट चांगलीच आहे. घर झालें म्हणजे दारापुढें चार झाडें असावींत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीस कांहीं रम्य पडावें, अशी इच्छा होणेंहि स्वाभाविक आहे. पूर्वीं ही हौस तुळशीवृंदावन, मोगरा, कण्हेर आणि झेंडू यांवर भागत असे. आतां रोपवाटिकांतून शोभेचीं गवतें विकावयास येतात, आणि त्यांत ‘फाउंटन ग्रास’ या नांवाचें परदेशी गवत पुष्कळांच्या मनांत भरतें. त्याविषयीं आपल्या सभासद बंधूंस दोन शब्द स्पष्टपणें सांगावे, म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रथम त्याचे गुण सांगतों. दोन ते चार फूट उंचीचा दाट ठोंब, मध्यभागांतून वर उसळून चहूंबाजूंस वांकणारीं बारीक पानें, आणि त्यांवर डोलणारे वीतभर लांबीचे, मऊ, गुलाबी झांकेचे तुरे. कारंज्याचें पाणी वर जाऊन खालीं कोसळावें तसा त्याचा आकार दिसतो, व त्यावरूनच हें नांव पडलें आहे. पाणी थोडें लागतें, जमीन कशीहि चालते, कीड-रोगाचा त्रास नाहीं. वैशाखाच्या उन्हांत इतर झाडें माना टाकतात, तेव्हांहि हें तग धरून असतें. ज्या गृहस्थास शेताच्या कामांतून बागेकडे पाहण्यास सवड नाहीं, त्यास याहून सोयीचें दुसरें काय हवें, असें वाटणें साहजिक आहे. परंतु शेतकऱ्यानें येथेंच थांबून विचार करावा. जें गवत पाणी मागत नाहीं, खत मागत नाहीं, आणि मारूनहि लवकर मरत नाहीं, त्यास आपण आपल्या शेतांत कोणत्या नांवानें ओळखतों? कुंदा आणि लव्हाळा यांचे गुण याहून निराळे काय आहेत?

याचा अर्थ गवत म्हणून गवत वाईट, असा नव्हे. भाद्रपदांत जी दूर्वा आपण २१ मोजून गणपतीस वाहतों, तीच कपाशींत शिरली म्हणजे हरळी होते, आणि तिच्या काशा वेंचतां वेंचतां माणसांची कंबर मोडते. वनस्पति एकच, भेद काय तो जागेचा. कोणतें गवत देवास वाहावें, कोणतें बांधावर राखावें व कोणतें दृष्टीस पडतांच उपटावें, हा विवेक आपल्या वाडवडिलांस होता. नव्या गवताच्या बाबतींतहि तोच विवेक चालविला पाहिजे, एवढेंच माझें म्हणणें आहे.

फाउंटन गवताचें मूळ स्थान उत्तर व पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानाकडील कोरडा प्रदेश. तेथून तें केवळ शोभेकरितां देशोदेशीं गेलें. हवाई बेटांत २० व्या शतकाच्या आरंभीं तें बागांतून लावण्यांत आलें. बागेंतून तें रस्त्याच्या कडेस आलें, तेथून ज्वालामुखीच्या उघड्या खडकांवर चढलें, आणि आज त्या बेटांतील सर्वांत मोठ्या बेटाच्या कोरड्या पश्चिम अंगास मोठाल्या टापूंवर तेंच तें दिसतें. त्याचा खरा अनर्थ वाळल्यावर कळतो. वाळलेले ठोंब ठिणगी पडतांच भडकतात. आग विझल्यावर त्यांच्या बुडख्यांतून पुन्हां कोंब फुटतात. शेजारचीं मूळचीं झाडें मात्र जळालीं तीं जळालींच. म्हणजे प्रत्येक वणव्यागणिक जंगल मागें सरतें व हें गवत पुढें येतें. बरें, तें गुरांच्या तरी उपयोगी पडावें, तर तसेंहि नाहीं. कोंवळें असतां जनावर त्यास तोंड लावतें; एकदां तुरे आले म्हणजे त्यांत कांहीं राम राहत नाहीं. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यांतहि तें बागांतून सुटून डोंगरउतारांवर पसरलें आहे. दक्षिण आफ्रिकेनें त्यास कायद्यानें उपद्रवी ठरविलें आहे. युरोपीय संघानें ज्या परदेशी वनस्पतींची विक्री व लागवड बंद केली, त्यांच्या यादींत या गवताचें नांव २०१७ सालीं घातलें. एका बागेंतील गवतासाठीं इतक्या देशांस कायदे करावे लागले, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

हें इतकें कसें पसरतें, तेंहि शेतकऱ्यास समजून घेतलें पाहिजे. बहुतेक पिकांस बीं धरण्यास परागांचा संयोग लागतो. या गवतास तो लागत नाहीं. त्याचें बीं संयोगावांचूनच तयार होतें. यामुळें जोडीदार नसला तरी एकटा ठोंबहि असंख्य ठोंबांस जन्म देण्यास समर्थ असतो. बियांस पिसांसारखे केंस असतात, म्हणून तें वाऱ्यानें उडतें, नाल्याच्या पाण्यावरून वाहत जातें, गाडीच्या चाकांस व जनावरांच्या अंगास चिकटून गांवोगांव फिरतें. शिवाय जमिनींत पडलेल्या बियांचें सहा-सात वर्षें जीव धरून राहणें शक्य असतें.

ह्या सर्व परदेशच्या गोष्टी झाल्या, आपल्याकडे तसें कशावरून होईल, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर असें कीं, हवाईमध्यें ज्या भागांत वर्षाचा पाऊस सुमारें १,२५० मिलिमीटरांहून कमी आहे, तेथें या गवताचा जोर विशेष आहे. आपल्या खानदेशच्या सपाटीवर पाऊस पडतो तो साधारणतः ५०० ते ७५० मिलिमीटर. लांब कोरडा उन्हाळा, मुरमाड माळ, आणि चैत्र-वैशाखांत सातपुड्यांत पेटणारे वणवे, ही सर्व सामग्री येथें आयतीच आहे. जें उघड्या खडकांत वाढलें, तें आपल्या माळावर उपाशी मरेल, ही आशा कशाच्या आधारावर धरावी?

आणि आपला देश या बाबतींत अगदींच अननुभवी आहे असेंहि नाहीं. घाणेरीचें झुडूप १९ व्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत फुलांच्या शोभेकरितांच आणलें होतें. आज सह्याद्रि व सातपुडा यांच्या पायथ्याशीं तिनें किती चराई गिळली, हें गुराख्यास विचारावें. जलपर्णीहि तिच्या जांभळ्या फुलांवर भाळूनच या देशांत आणली गेली. आज नद्या व तळीं तिच्याखालीं गुदमरत आहेत. गाजरगवत तर कोणी शोभेसाठींहि आणलें नव्हतें. पुण्याच्या परिसरांत तें १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलें, आणि आज ज्या शेतकऱ्याच्या बांधावर तें नाहीं असा शेतकरी सांपडणें कठीण. या तिन्ही वेळीं आरंभीं चार झाडें होतीं, व चार झाडें उपटणें हें एका सकाळचें काम होतें. तें काम कोणींच केलें नाहीं, म्हणून आतां पिढ्यान्‌पिढ्या मजुरी भरावी लागत आहे.

शहरांतील बागवान आणि आपण यांत एक मोठा भेद आहे. शहरांतील बंगल्याच्या बागेस चारी बाजूंनीं भिंत असते व भिंतीपलीकडे डांबरी रस्ता असतो. शेतकऱ्याच्या बागेस भिंत नसते. ओट्यास लागून अंगण, अंगणास लागून खळें, खळ्यास लागून उकिरडा, आणि तेथून शेणखताची गाडी निघते ती थेट वावरांत. दारचे वाळलेले तुरे झाडून घरच्या बाईनें उकिरड्यावर टाकले, तर पुढील वर्षीं तेंच बीं आपल्याच हातानें आपण शेतभर पसरूं. वावराच्या बांधापलीकडे शेजाऱ्याचें शेत आहे, त्यापलीकडे नाला आहे, आणि नाल्यापलीकडे गांवचें कुरण आहे. साक्री व शिंदखेडा तालुक्यांच्या माळांवर ज्यांचा संसार मेंढरांवर चालतो, त्या ठेलारी बांधवांनीं आपली बाग कधीं पाहिलेलीहि नसते; पण माळावरचा चारा मागें सरला तर पहिला भुर्दंड त्यांस बसेल. हौस एकाची आणि नुकसान दुसऱ्याचें, ही रीति गांवाच्या जीवनास शोभणारी नव्हे.

येथें न्यायाकरितां एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच गवताचा जांभळ्या-तांबड्या पानांचा एक प्रकार रोपवाटिकांतून मिळतो. तो संकरज असून त्यास रुजणारें बीं सहसा धरत नाहीं. ठोंब फोडूनच त्याची वाढ करावी लागते. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यांतहि असे निर्बीज वाण वगळलेले आहेत. ज्यास हेंच रूप हवें असेल, त्यानें हा प्रकार कुंडींत ठेवण्यास माझी हरकत नाहीं. परंतु घेतांना रोप बियांपासून केलें कीं ठोंबापासून, एवढें अवश्य विचारावें. बियांपासून केलेलें असेल, तर तें बीं धरणारें आहे हें उघडच आहे. पान कितीहि रंगीत असो, तें घेऊं नये. विकणाऱ्यास सांगतां येत नसेल, तरीहि घेऊं नये. नुसत्या हिरव्या पानांचा प्रकार तर शेतकऱ्यानें दारांत आणूंच नये, असें माझें निश्चित मत आहे.

कोणी म्हणेल, हा परदेशी वस्तूंविषयींचा निव्वळ द्वेष आहे. तसें मुळींच नाहीं. मिरची, बटाटा, भुईमूग हीं सर्व बाहेरचीं पिकें आपण आपलीं म्हणून खातों. उलट बाजूचेंहि एक उदाहरण देतों. आपलें अंजन गवत घ्या. (येथें अंजन वृक्षाविषयीं बोलत नसून त्याच नांवाच्या गवताविषयीं बोलत आहें.) कोरडवाहू मुलुखांत याहून चांगलें चाऱ्याचें गवत विरळा. झाशी येथील १९६२ सालीं स्थापन झालेल्या गवत व चारा संशोधन संस्थेसारख्या ठिकाणीं त्याचे सुधारलेले वाण तयार झाले आहेत. परंतु हेंच अंजन चराईसाठीं ॲरिझोनांत नेलें गेलें, आणि आज तेथील वाळवंटांतील शतायुषी निवडुंगांस आग लावणारा शत्रु म्हणून लोक टोळ्या करून तें उपटीत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागांतहि त्याविषयीं अशीच तक्रार आहे. आपल्या घरचा सज्जन परक्या घरीं दांडगा ठरला. तेव्हां प्रश्न देशी-परदेशीचा नसून, ज्या मातींत त्यास खाणारीं गुरें व आवरणारे शेजारी आहेत त्या मातींत तो राहतो कीं नाहीं, हा आहे.

मग दारापुढें काय लावावें? नुसतें ‘हें नको’ म्हणणारा लेखक अर्धेंच काम करतो. ‘शेतकऱ्यास शोभा कशाला हवी’ असें म्हणणाऱ्या मंडळींशींहि मी सहमत नाहीं. दिवसभर उन्हांत राबून आलेल्या माणसाच्या डोळ्यांस घरापुढें गारवा हवाच. सुदैवानें आपल्या प्रांतांत देखण्या गवतांचा दुष्काळ नाहीं. ब्लॅटर व मॅक्कन यांनीं मुंबई इलाख्यांतील गवतांवर १९३५ सालीं स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. इतकें हें धन मोठें आहे. त्यांतील चार गवतें येथें सुचवितों.

पहिलें रोशा गवत. हें तर खानदेशचें भूषणच म्हटलें पाहिजे. पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे या भागांत १९ व्या शतकांत डोंगरांतील रोशाचें तेल काढण्याच्या भट्ट्या चालत असत, आणि तें तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या मार्गानें तुर्कस्तानापर्यंत जाऊन गुलाबाच्या अत्तरांत मिसळलें जाई. पावसाळा सरतां सरतां याचे तुरे पिवळट रंगावरून तांबूस होतात व संध्याकाळच्या उन्हांत फारच सुंदर दिसतात. पान चुरगळलें तर गुलाबासारखा वास येतो. जनावरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत, म्हणून कुंपणावांचूनहि तें टिकतें.

दुसरा वाळा. मोरीचें पाणी जेथें बाहेर पडतें तेथें वाळ्याचे ठोंब एका ओळींत लावावे. पुरुषभर उंचीची हिरवी भिंत तयार होते, सांडपाणी जिरतें, आणि मुळें उन्हाळ्यांत माठांत टाकण्यास व ताट्या करण्यास उपयोगी पडतात. वाळ्याच्या ओळीनें बांधाची माती धरून ठेवण्याची युक्ति कर्नाटकांतील गुंडलुपेटकडचे शेतकरी पूर्वींपासून जाणत होते. १९८० नंतर जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनीं तिचा पुष्कळ देशांत प्रचार केला. ठोंब फोडून वाढविलेला लागवडीचा वाळाच घ्यावा. त्याचें बीं सहसा रुजत नसल्यानें शेतांत पसरण्याची भीति राहत नाहीं.

तिसरा गवती चहा. याचें रूप थेट कारंज्यासारखेंच, पानें लांब व वांकलेलीं, आणि आपल्याकडे तुरा क्वचितच येतो. मार्गाच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन फुटांवर एक ठोंब लावला तर वर्षभरांत रेखीव कडा तयार होते, आणि पावसाळ्यांत सर्दी-पडशाच्या वेळीं घराबाहेर जाण्याचें कारण पडत नाहीं.

चौथें वर सांगितलेलें अंजन गवत. फाउंटन गवताचें रूप ज्यास मनापासून आवडतें, त्यास हें विशेष पटेल. कारण दोन्ही एकाच घराण्यांतील आहेत. त्याचे जांभळट, मांजराच्या शेंपटीसारखे तुरे लहान असले तरी ठोंबभर येतात. याचेंहि बीं उडतें, हें खरें. परंतु आपल्या माळावर उडून पडलें तर गाय-बैल, मेंढ्या तें खातात. पिकाच्या बाजूस असलेल्या ठोंबांचे तुरे मात्र पिकण्यापूर्वींच कापून गुरांपुढें टाकावे.

या चौघांचीहि निगा सारखीच आहे. जून-जुलैंत चांगला पाऊस झाला म्हणजे जुना ठोंब फोडून तीन-चार कोंबांचा एक-एक तुकडा लावावा. पहिल्या वर्षीं उन्हाळ्यांत आठ-दहा दिवसांनीं पाणी द्यावें. फाल्गुनांत वाळलेला भाग जमिनीपासून चार बोटें ठेवून कापून काढावा, म्हणजे वैशाखांत घराजवळ वाळलेल्या गवताचा ढीग राहत नाहीं व आगीचें भय टळतें. कडब्याच्या गंजीजवळ कोणतेंहि उंच गवत लावूं नये.

आणखी एक गोष्ट ऐकून वाचकांस गंमत वाटेल. वनस्पतिशास्त्रज्ञ २०१० सालच्या संशोधनापासून फाउंटन गवत, अंजन व आपली बाजरी या तिघांस एकाच प्रजातींत घालतात. अमेरिकेंत जांभळ्या पानांची व जांभळ्या कणसांची एक बाजरी निव्वळ शोभेकरितां तयार करण्यांत आली, आणि ‘पर्पल मॅजेस्टी’ या नांवाच्या त्या वाणास २००३ सालीं तेथील बागवानीचें सुवर्णपदक मिळालें. जी बाजरी आपण आजवर भाकरीसाठीं पेरली व जिच्या संशोधनाचें काम आपल्या धुळ्याच्या कृषि महाविद्यालयांत चालतें, तिच्यापुढें परदेशचे लोक शोभा म्हणून खुर्ची टाकून बसतात! आपल्या घरच्या रूपाकडे आपणच पाहावयास शिकलों नाहीं, तर तो दोष रूपाचा नव्हे.

ज्यांनीं फाउंटन गवत आधींच लावलें आहे, त्यांनीं वाईट वाटून घेऊं नये, पण दिरंगाईहि करूं नये. तुरे पिकून झडण्यापूर्वीं ते कापून पोत्यांत भरावे, व पोतें बांधून मगच हलवावें. नंतर ठोंब मुळासकट खणून काढावा. तुरे उकिरड्यावर किंवा नाल्यांत टाकूं नयेत. वारा नसतां, पाणी जवळ ठेवून, खड्ड्यांत जाळावे व वर माती लोटावी. त्या जागेवर पुढें सहा-सात वर्षें पावसाळ्यांत नजर ठेवून, उगवेल तें रोप हातानें उपटावें. घराजवळचें काम असल्यानें हें कठीण नाहीं. माळावर गेल्यावर तें कोणाच्याहि हातचें राहणार नाहीं.

शेवटीं आपल्या संस्थेच्या चालकांस एक विनंति आहे. रोशा, वाळा, गवती चहा व अंजन यांचे ठोंब एखाद्या सभासदाच्या मळ्यांत वाढवून पावसाळ्याच्या तोंडीं इतर सभासदांस माफक दरानें देण्याची व्यवस्था संस्थेनें करावी. यास भांडवल थोडें लागेल; चार गुंठे जमीन व एक विहीर पुरे. तसेंच ज्या रोपवाटिकांशीं संस्थेचा व्यवहार आहे, त्यांस शोभेच्या प्रत्येक गवताचें नांव आणि तें बियांपासून कीं ठोंबापासून केलें हें लिहून लावण्याविषयीं सुचवावें. मागणी करणारे आपणच असल्यामुळें, आपण विचारूं लागलों म्हणजे विकणारेहि सांगूं लागतील.

घरापुढील बाग ही घराची शोभा आहे, आणि बांध ही शेजारधर्माची खूण आहे. एकीची हौस भागवितांना दुसऱ्यास बाध येणार नाहीं, इतकी काळजी आपण घेतली, तर येत्या पावसाळ्यांत लावलेला रोशाचा एक ठोंबहि आपल्या मुलाबाळांस उपकारकच होईल.